तीक्ष्ण श्वेतलेप, अंडविरहित

मंगळवार, २ मे

सु.ला बडोदे स्थानकावर सकाळच्या गाडीत बसवून दिले. नाशिकला तिच्या थोरल्या बहिणीची शस्त्रक्रिया, मुक्काम पंधरवड्याचा. गृहस्वामिनीपदाचे अधिकार फलाटावर, गाडी हलत असताना, खिडकीतून हस्तांतरित झाले. "अहो, आप्पांचं जेवण तेवढं बघा. बाकी घर उलटंपालटं झालं तरी चालेल."

आप्पांचे जेवण बघणे हे काम वास्तविक सुलभ. ताट जसे जाते तसेच परत येते. बघायला पुष्कळ उरते.

आई पौषात गेली. तेव्हापासून पिताश्रींनी अन्नाशी जो असहकार आरंभला तो अद्याप मागे घेतलेला नाही. तक्रार नाही, त्रागा नाही. वरणभाताचे दोन घास, "पुरे." खीर केली, "पुरे." सु.ने या एका शब्दापुढे चार महिने हात टेकले आहेत. आता पाळी माझी.

सायंकाळी डॉक्टरबाईंकडे. वजनाच्या काट्याने पुन्हा अधोगती दर्शवली. बाईंनी मला दाराबाहेर घेऊन हळू आवाजात सांगितले, "भाई, आवुं ने आवुं चालशे तो दाखल करवा पडशे. नाकमां नळी." आत येऊन पाहतो तो आप्पांचा चेहरा दगडी. एरवी हाक ऐकू न येणारे कान ऐन वेळी चोख काम देतात. परतताना रिक्षात एवढेच म्हणाले, "ब्याऐंशी वर्षं नाक श्वासासाठी वापरलं. नळी घालून घेणार नाही. आधीच सांगून ठेवतो, श्रीकांता."

घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. खोल्या तीन, फेऱ्यांची गणती सोडून दिली.

गुरुवार, ४ मे

आज एक घटना घडली. 'घटना' हा शब्द मी जपून वापरतो.

अर्धी रजा टाकून दुपारी आलो (कारण: कौटुंबिक. आमच्या विमा कार्यालयात या कारणाचा अर्थ कोणी विचारत नाही, सर्वांचे तेच असते). पाहतो तो कन्या ईरा सयाजीगंजातून आणलेले सँडविच अर्धे खाऊन टेबलावर सोडून फोनवर कोणाशी तरी गुजराती-हिंदी-इंग्रजी अशा त्रिवेणीत हसत होती, आणि आप्पा त्या अर्ध्या सँडविचच्या कडेचा पांढरा लेप तर्जनीने टिपून तोंडात घालत होते.

मी दारातच थबकलो. मांजर दुधाला लागले की माणूस जसा श्वास रोखतो तसा, फक्त उलट हेतूने.

"हे काय आहे गं?" आप्पांनी विचारले.

"मेयोनीज, आजोबा. आवडलं?"

"बरं आहे. तिखट पाहिजे होतं."

पाहिजे! हे क्रियापद या घरात पौषानंतर उच्चारले गेले नव्हते. मी फ्रीजला टेकून उभा राहिलो.

पुढच्या अर्ध्या तासात अलकापुरीतून बरणी आणली. तिच्यावर हिरवा ठिपका, खाली 'एगलेस'. आप्पांनी भिंग मागवले. निवृत्त लेखापरीक्षकाच्या हाती मुद्रित मजकूर देणे ही माझीच चूक.

"अंडं नाही लिहिलंय ते ठीक. पण हे चारशे पंधरा कोण? आणि हे तीनशे पंच्याऐंशी?"

"ते पदार्थ टिकवायला घालतात, आप्पा."

"ज्या जिनसेला नावाऐवजी नंबर असतो ती मी पोटात घेत नाही." भिंग घडी करून ठेवले. मग, जणू हवापाण्याविषयी विचारावे तसे, "घरी नाही करता येत?"

"येतं की," मी म्हणालो. कोणत्या आधारावर, ते परमेश्वर जाणे. माझी पाककला चहाशी सुरू होऊन चहाशीच संपते.

शनिवार, ६ मे

अंडविरहित तीक्ष्ण श्वेतलेप: प्रथम प्रयोग.

साधने: घरचा मिक्सर, घरचे सिंगतेल, दूध, मीठ, साखर, लिंबू, बाटलीतली मोहरीपूड, हिरवी मिरची. पद्धत: सर्व एकत्र घालून बटण दाबणे. फलित: मिरचीचे ताक. त्यावर तेल तरंगते आहे, जणू त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही.

आप्पांनी चमचा जिभेला लावला. "भज्यांच्या तेलाचा वास येतोय." चमचा खाली. दुपारचे जेवण: अर्धी वाटी ताक (खरे). रात्री: "पुरे."

द्वितीय प्रयोग लिंबू आरंभी पिळून. दूध तत्क्षणी नासले. पनीर करावयाचे असते तर आज मी यशस्वी पुरुष म्हणून निजलो असतो.

ईरा म्हणे, "बाबा, एक अंडं घाला ना. दोन मिनिटांत होतं. मी करून देते."

"या घरात अंडे येत नाही."

"कोण बघतंय? आई नाशिकला आहे."

"तुझ्या आईचा प्रश्न नाही. आजीचा नियम आहे."

"पण आजी तर..." आणि ती थांबली.

तेल व पाणी यांच्या स्वभावभिन्नतेवरून मानवी संबंधांविषयी काहीतरी भारदस्त लिहिण्याचा मोह झाला. आवरला.

रविवार, ७ मे

शेजारच्या हंसाबेनकडे साखर परत करायला गेलो, सल्ला घेऊन आलो. सध्या त्यांच्या गॅलरीत कैऱ्यांचा सुकाळ. लोणच्याचा मोसम, फरशीवर जुन्या साडीवर फोडी पसरलेल्या, आणि मधोमध हंसाबेन आशीर्वाद द्यायला बसल्यासारख्या.

"ईंडा वगर? अरे श्रीकांतभाई, ए तो सहेलुं छे. दूध एकदम ठंडुं जोईए, फ्रीजमांथी काढीने तरत. मिक्सर नहीं, पेलुं हाथनुं ब्लेंडर. सांकडा वासणमां. अने लींबु छेल्ले, पहेलां नाखशो तो फाटी जशे."

फाटून झाले आहे, हे मी सांगितले नाही.

हाताचा ब्लेंडर आहे, सु.ने दिवाळीत आणलेला, खोक्यासकट वर ठेवलेला. नाशिकला फोन. "अहो, माझं खोकं फाडू नका. सावकाश काढा." मग, तिचा नित्य प्रश्न, "आप्पा काय जेवले?" मी म्हणालो, प्रयोग चालू आहेत. ती म्हणाली, मी जेवणाचं विचारतेय.

दुपारी आप्पा झोपलेले असताना तीन वेळा जाऊन पाहिले. छाती हलते आहे. चौथ्या वेळी त्यांनी डोळे न उघडता विचारले, "काय पाहिजे?"

"काही नाही."

"मग जा."

तृतीय प्रयोग: रिफाइंड तेल (मुद्दाम आणले), थंड दूध, अरुंद बरणी, ब्लेंडर तळाशी स्थिर धरून मग हळूहळू वर. आणि जमले! पांढरे, दाट, चमच्याला चिकटणारे. ईरा टाळ्या वाजवीत आली. मी बरणी उचलून आप्पांपुढे नेली त्या थाटात पूर्वी आमच्या घराण्यातल्या कोणी तरी दरबारात हिशेबाची वही नेली असावी.

आप्पांनी चाखले. "गुळगुळीत आहे."

"तिखट?"

"तिखट आहे. चव नाही." थोडा विचार करून, "ज्याला तिखटपणा आहे पण चव नाही त्याला औषध म्हणतात." चमचाभर खाल्ले. मग तोच शब्द.

रात्रीपर्यंत उष्म्याने लेप फुटला; तेल वर, दूध खाली. पुन्हा पृथक्. पंखा सर्वांत वरच्या वेगावर, तरीही मी घामाने थबथबलेलो. खिडकीशी उभा. लष्कराच्या छावणीच्या बाजूने कुठल्या तरी गाडीचा आवाज, मग तोही नाही.

मंगळवार, ९ मे

आज जे कळले ते लिहावे की न लिहावे, या विचारात सबंध घराला दोन प्रदक्षिणा झाल्या. लिहितो.

मंगळवार हा माझा अंड्याचा वार. कार्यालयातून परतताना फतेगंजच्या वळणावरील लारीवर, म्हणजे हातगाडीवर, मसाला आमलेट, उभ्याने, पाव दोन. वीस-एक वर्षांचा परिपाठ. घरी कोणास ठाऊक नाही. घरात नियम आईचा, आणि बाहेरचा माणूस घराबाहेर काय करतो हा प्रश्न आमच्याकडे सभ्यतेने कधी विचारला गेला नाही.

लारीवाला तव्यावर कांदा टाकता टाकता म्हणाला, "साहेब, पेला दादा केम देखाता नथी?"

"कया दादा?"

"तमारी सोसायटीवाळा. लांबुं नाक, तमारा जेवुं ज. हाथमां छत्री, उनाळो होय के शियाळो. दर गुरुवारे आवे. बे ईंडानी आमलेट, मरचां डबल."

पाव घशात अडकला. छत्री घेऊन उन्हाळा-हिवाळा हिंडणारा, लांब नाकाचा, मिरच्या दुप्पट मागणारा मनुष्य आमच्या सोसायटीत एकच आहे, आणि मी त्याचा मुलगा आहे.

"गुरुवारे?"

"गुरुवारे ज. शियाळा पछी आव्या नथी. तबियत तो सारी छे ने?"

गुरुवारी आई दत्ताच्या भजनाला जात असे. चार ते सहा. आप्पा त्या वेळेत 'पाय मोकळे' करून येत. वर्षानुवर्षे. मी मंगळवारी, ते गुरुवारी. एकाच तव्यावर, एकाच मिरचीचे, आणि घरी दोघेही दारातच वेलदोडा चघळत हातपाय धुवायला पळणार! माझी ही युक्ती माझी स्वतःची आहे असे मी आजवर मानत होतो.

पैसे देऊन निघालो. सांगितले, तबियत सारी छे.

बुधवार, १० मे

कार्यालयात दिवसभर एकही दावा धड निकाली काढला नाही.

प्रश्न सरळ आहे. पिताश्रींना अंडे चालते. चालतेच नव्हे, आवडते. अंड्याने श्वेतलेप निमिषात सिद्ध होतो, पौष्टिकही होतो. डॉक्टरबाई प्रसन्न होतील, नळी टळेल. मग मी थंड दुधाशी का झुंजतो आहे? कारण त्यांना चालते हे मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. आणि ते त्यांना कळवायचे तर मला ते कोठे कळले हेही कळवावे लागेल. अशा पेचावर आमच्या घराण्यात एकच उपाय मान्य आहे: विषय न काढणे.

ईराला सांगितले नाही. ती कोणालाही सांगेल, तेही आनंदाने.

आप्पा आज दिवसभरात: चहा, अर्धे बिस्किट, पाऊण केळे. काट्यावर उभे राहायला नकार. "रोज रोज काय मोजायचं. मी काय गहू आहे?"

गुरुवार, ११ मे

विषय काढला.

पुन्हा अर्धी रजा. चार वाजता आप्पा खुर्चीत, छत्री दाराशी खुंटीला, तशीच, पौषापासून. मी घसा साफ केला. घसा साफ करणे हा माझ्या वक्तृत्वाचा सर्वोत्तम भाग.

"आप्पा, ते मेयोनीज. त्यात अंडं घातलं तर चटकन जमतं म्हणे. बाहेर सगळीकडे घालतात. म्हणजे, कोणाला चालत असेल तर... पोटातही जाईल काही..."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिले. पावतीविना मांडलेल्या खर्चाकडे ते असेच पाहत असत.

"बाहेर काय घालतात ते बाहेर."

मी छत्रीकडे पाहू लागलो.

"या घरात?" मग आवाज खाली आणून, "तुझ्या आईच्या भांड्यांत?"

उठून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ उगाच सोडून ठेवला.

चार ते सहाची वाट पाहण्याची आता गरज नाही. त्यांना अडवणारे कोणी नाही. गुरुवारच काय, वाटेल त्या वारी जावे. लारी तिथेच आहे, तवा तापलेला आहे, माणूस आठवण काढतो आहे. जात नाहीत.

मी नियम आईचा समजत होतो. असो. वाक्य पूर्ण करण्याची आवश्यकता नाही.

शनिवार, १३ मे

पंचम की षष्ठ प्रयोग. मोजदाद सोडली.

सकाळी दूध, तेल, मीठ, साखर, बाटलीतली मोहरीपूड काढून मांडली. आप्पा पाणी प्यायला आत आले आणि थांबले. बाटली उचलून भिंगाशिवायच वाचली.

"ही मोहरी?"

"पूड आहे. तयार मिळते."

"पूड!" हा उद्गार आप्पा साधारणतः खोट्या व्हाउचरसाठी राखून ठेवत. "अरे, फेसलेली नाही! मोहरी फेसल्याशिवाय चव कुठून येणार? आणि धरून कोण ठेवणार सगळं?"

तेव्हा एकदम आठवले. मी लहान असताना रविवारी सकाळी आप्पा बनियनवर गॅलरीत बसून मोहरी फेसत. कोशिंबिरीला, लोणच्याला, भरताला. आईला मोहरीच्या झणक्याने दम लागे म्हणून लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ते काम त्यांनी आपल्याकडे घेतले होते. आमच्या घरातील पुरुषाने स्वयंपाकघरात केलेले एकमेव काम. पुढे सु.ने बाटली आणली, काम संपले, आणि ते संपले याची नोंद कोणी घेतली नाही.

"मोहरीची डाळ आहे का घरात?"

नव्हती. हंसाबेनकडे धावलो. लोणच्याचा मोसम, त्यांच्याकडे ती डबाभर. "राईना कुरिया? लो ने, केटला जोईए? दादा खाशे?" मी म्हटले, दादा बनावशे. त्या कैरी कापायच्या थांबल्या.

दगडी खल माळ्यावरून मी काढला. आप्पा टेबलाशी बसले, मांडीवर जुना टॉवेल, त्यावर खल. आधी कोरडी कुटली. मग मिठाचे खडे. मग पाण्याचा एक शिंतोडा, आणि घोटायला लागले. एकाच दिशेने. मनगट पहिल्यांदा थरथरले, मग त्याला त्याची जुनी चाल सापडली. मधूनच वाकून हुंगत, मान हलवत, अजून नाही, पुन्हा शिंतोडा. ईरा अभ्यास सोडून दाराशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, किती वेळ?"

"चढेपर्यंत."

"चढली हे कसं कळतं?"

"ये इकडे. वाक."

ती वाकली आणि किंचाळून मागे झाली, डोळे गच्च, नाक दोन्ही हातांत. "ओ माय गॉड, आजोबा!"

"असं कळतं," आप्पा म्हणाले. आणि हसले. आवाज न करता. पण खांदे हलले, मी पाहिले.

त्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होते. मोहरीचे. ते मोहरीचेच होते असे मी येथे नोंदवून ठेवतो.

"घे. आता लाव तुझं यंत्र."

फेसलेली मोहरी तळाशी, त्यावर बर्फगार दूध, साखर, हिरवी मिरची व आले वाटून, वरून तेल. ब्लेंडर तळाशी धरला. एक क्षण काही नाही. मग तळातून पांढरे ढग उठू लागले आणि तेलाला गिळत गिळत वर आले. हळूहळू ब्लेंडर उचलला. लिंबू अगदी शेवटी. बरणी उपडी धरली: पडले नाही. (हे नाटक ईरासाठी.)

पावाच्या कडा काढून तुकडा पुढे केला. आप्पांनी खाल्ला. आम्ही दोघे कोणाचे ऑपरेशन चालू असावे तसे उभे.

"मिरची अजून चालेल," ते म्हणाले आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

रविवार, १४ मे

काही नाही. सकाळपासून काही नाही. कालचा लेप फ्रीजमध्ये शाबूत, न फुटलेला, आणि आप्पा भिंतीकडे तोंड करून पडलेले.

"थोडं तरी?"

"पुरे."

एका दिवसात मनुष्य किती मूर्ख आशा बांधतो! काल रात्री मी सु.ला फोनवर विजयवार्ता दिली होती. आज तिचा फोन आला तेव्हा ईराला म्हटले, सांग मी अंघोळीला गेलो आहे. दोनदा अंघोळीला गेलो.

नळी. दाखल करणे म्हणजे कोठे, किती दिवस, त्यांचे हात बांधून ठेवतात का, काढून टाकली तर? नको. उद्याचे उद्या.

सोमवार, १५ मे

कार्यालयातून आलो तो घरात झणका. पायऱ्यांवरच शिंक आली.

आप्पा टेबलाशी, टॉवेल मांडीवर, खल. कोणी सांगितले नव्हते. ईरा सांगते, दुपारी उठले, कुरियाचा डबा स्वतः शोधला, तिला हाक मारून समोर बसवले आणि फेसता फेसता आजीबद्दल बोलत होते.

"काय बोलत होते?"

"आजी नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिला बडोद्याची भाजी गोड लागायची म्हणून रडायची. असं काहीतरी. बाबा, तुम्ही किती प्रश्न विचारता."

मी एकच विचारला होता.

मोहरी आप्पांची, उर्वरित ईराची. पाव दीड, त्यावर लेप सढळ. वर काकडी. मी काकडीविषयी काहीही बोललो नाही, न जाणो.

मंगळवार, १६ मे

सु. आली. बहीण बरी. स्थानकावरून घरात पाऊल ठेवताच प्रथम मिक्सर पाहिला, नंतर ब्लेंडरचे खोके (फाटलेले), नंतर मला. त्यानंतर आप्पांच्या खोलीत गेली, बराच वेळ तिथे. बाहेर आली ती श्वेतलेप चाखूनच.

"मीठ जास्त आहे. पण छान झालंय." ही दोन वाक्ये वैवाहिक जीवनात मला याच क्रमाने मिळत आली आहेत.

आज मंगळवार असूनही थेट घरी आलो होतो. तिच्या ध्यानात आले असावे, कारण रात्री कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "आज गेला नाहीत?"

"कुठे?"

"अहो." घडी झटकून, "कपडे मी धुते. तुमचा मंगळवारचा शर्ट, आप्पांचा गुरुवारचा. कांदा-अंड्याचा वास वेलदोड्याने तोंडाचा जातो, शर्टाचा जात नाही."

मी खाली बसलो.

"आणि आईला?"

"आईंनीच मला दाखवलं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी. आप्पांचा शर्ट नाकाशी धरून हसत होत्या. म्हणाल्या, बाहेर खातात ते खाऊ देत, घरात मागत नाहीत ना, मग झालं. आपण विचारायचं नाही."

"तिने आप्पांना कधी..."

"कशाला? गुरुवारी भजन पाचलाच संपायचं. त्या मुद्दाम सहापर्यंत बसून राहायच्या."

यावर काही लिहिण्याची माझी योग्यता नाही. उठून पुन्हा फेऱ्या. सु. म्हणाली, बसा हो जरा. बसलो नाही.

आप्पांना हे सांगावे काय? सांगण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने विचारले नाही त्याला उत्तर देणे... नको. पण त्यांना ठाऊक असते तर. किंवा ठाऊक असेलच तर.

बुधवार, १७ मे

डॉक्टरबाई. काटा. मी छताकडे पाहत होतो.

"ऊतर्युं नथी," बाई म्हणाल्या. उतरले नाही, इतकेच. चढले असे म्हणायला त्या तयार नाहीत. मी श्वेतलेपाची घटकद्रव्ये निवेदन केली, तेलाचे प्रमाण ऐकून त्या थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, "जे खाय ते आपो. आवता बुधवारे जोईए." नळीचा निर्णय आठ दिवस पुढे. रद्द नव्हे.

आप्पांनी विचारले, "तिखट चालेल ना?"

"चालशे, अंकल."

"नाही, लिहून द्या. घरात माझ्या मिरच्या मोजतात."

बाईंनी खरेच कागदावर लिहून दिले. आप्पांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि रिक्षात दोनदा काढून वाचला.

गुरुवार, १८ मे

चार वाजता आप्पा खुर्चीत. मी अर्ध्या रजेवर (कारण: कौटुंबिक). सु. आत. घड्याळाकडे आम्ही दोघेही पाहत नव्हतो, ते कळत होते. एकदा वाटले, सांगून टाकावे: आप्पा, आईला ठाऊक होते, ती सहापर्यंत मुद्दाम बसायची. शब्द ओठांपर्यंत आले. घसाही साफ केला.

"सर्दी झाली का?" आप्पा म्हणाले.

"नाही."

राहिले.

रात्रीचे जेवण. मोहरी आजही त्यांचीच. पाव, लेप, आणि सु.ने पातळ केलेली मुगाची खिचडी शेजारी वाटीत, कोणी काही म्हटले नाही. लेप लावलेला पाव अर्धा खाल्ला. खिचडीत चमचा घातला, त्यावर थोडा लेप घेतला, दोन चमचे, तीन. ईराने माझा पाय टेबलाखालून दाबला. मग ताट थोडे दूर सारले.

आम्ही तिघे त्या शब्दाची वाट पाहत राहिलो.

"उद्या हे नको," आप्पा म्हणाले.

सु.चा हात वाटीवरच थांबला. झाले, पंधरा दिवसांचा खेळ. आता बुधवार, मग दाखल करणे, मग—

"रोज रोज काय तेच. उद्या दुसरं काहीतरी करा."

"काय करू, आप्पा?" सु.ने विचारले. फार हळू.

त्यांनी विचार केला. खराखुरा, नजर छताकडे, कपाळाला आठी, जशी ते पूर्वी गाड्यांचे वेळापत्रक पाहताना घालत.

"ते उद्या सांगतो," म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सु. झोपली आहे. ईराच्या खोलीत दिवा. मी स्वयंपाकघरात उभा. रवा आहे, बेसन आहे, साबुदाणा थोडाच, कैरी हंसाबेनकडे मिळेल. नाचणी नाही. सकाळी दुकान उघडताच आणून ठेवतो. पण नाचणीच मागतील असे कशावरून?